अनुदान येणार म्हणतात

पोरी, सातबाऱ्याची पिशवी आता तुझ्याकडे आली, म्हणून चार गोष्टी सांगते. तुझ्या अण्णांना त्यातलं काही कळत नाही असं नाही, पण माझा भाऊ पहिल्यापासून भिडस्त. तलाठी बांधावर आला की आधी चहा, मग गावगप्पा, आणि कागदावर काय लिहिलं ते विचारायचं राहूनच जायचं. तू चहा जरूर पाज, पण लिहिलेलं वाचल्याशिवाय त्याला गाडीवर बसू देऊ नकोस. सरकारने त्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी केलंय. आपण तलाठीच म्हणतो, त्यालाही चालतं.

पहिली गोष्ट पावसाळ्याच्या आधीची. लोक पूर आल्यावर पळापळ करतात. अनुदानाचं खरं काम वैशाखातच उरकायचं असतं, कारण सरकार पैसे देतं ते सातबाऱ्यावरच्या नावाला. राबतं कोण, हे तिथे कुणी विचारत नाही. तेव्हा सातबारा, आठ अ, आधार, पासबुक आणि फार्मर आयडी हे सगळे कागद एका जागी मांडून बस आणि प्रत्येकावरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघ. एकीकडे 'पांडुरंग' आणि दुसरीकडे 'पांडूरंग' असलं, तरी कॉम्प्युटरला ती दोन माणसं दिसतात. फार्मर आयडी काढला म्हणजे झालं असंही समजू नको. त्यात आपले सगळे गट जोडलेत का ते बघ. नदीकडचा तुकडा जोडायचा राहिला आणि नेमका तोच पाण्याखाली गेला, असं आमच्याकडे झालंय. २०२५ पासून फार्मर आयडीचा नंबर पंचनाम्यातच लिहावा लागतो.

मेलेल्या माणसाच्या नावावर पैसा येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी वारस नोंद वर्षानुवर्षं तशीच पडून असते. तुझे आजोबा गेल्यावर नोंद झाली तेव्हा आम्हा तिघी बहिणींची नावं अण्णांच्या बरोबरीने चढली. कायद्याने ती चढणारच. पण त्यामुळे तुझं खातं सामाईक झालं. सामाईक खात्याला पैसे एकाच्या नावावर घ्यायचे तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं, आणि ते अडलं की सगळ्यांचंच अडतं. माझी सही तू कधीही घेऊन जा. मधली पुण्याला असते, तिची दिवाळीला आली की घेऊन ठेव, ऐनवेळी ती फोनवर सापडत नाही. तिघींकडून हक्कसोड करून घ्या म्हणजे कटकट मिटली, असं तुला गावातले शहाणे सांगतील. अनुदानाच्या चार हजारांसाठी बहिणींना जमिनीतून उठवायला निघालेले भाऊ मी पाहिलेत. संमतीपत्राने जे भागतं त्याला हक्कसोड कशाला?

आणि हो, लग्न झाल्यावर तुझं नाव तुझ्या नवऱ्याच्या सातबाऱ्यावर लावून घे. लक्ष्मी मुक्ती योजना नावाची सोय त्यासाठीच आहे. नवऱ्याने अर्ज केला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ही गोष्ट आधी गावोगाव बायकांसाठी चालवली, सरकार मागून आलं. माझे मालक गेले तेव्हा माझं नाव आधीच सातबाऱ्यावर होतं, म्हणून मला तहसीलच्या पायऱ्यांवर बसून राहावं लागलं नाही. शेजारच्या बायका बसल्या होत्या.

ई-पीक पाहणी ऑगस्टातच उरक. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात सगळा महाराष्ट्र पिकाची नोंद करायचं ते ॲप उघडतो आणि मग ते गोल गोल फिरत बसतं. गटात उभं राहूनच फोटो काढावा लागतो. रेंज नसली तर फोटो काढून ठेव आणि रस्त्यावर येऊन पाठव. सोयाबीन असेल तर सोयाबीनच लिही. तूर आंतरपीक असेल तर तीही लिही. पाण्याची सोय असेल तर ती नोंदवायला विसरू नको, कारण जिरायत आणि बागायत यांच्या दरात दुपटीचा फरक असतो आणि नंतर कुणाला ते पटवून देता येत नाही.

आता पावसाचं. सरकारच्या लेखी अतिवृष्टी म्हणजे चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर. तो मोजायचा कुठे? आपल्या महसूल मंडळातल्या यंत्रावर. यंत्र मंडळाच्या गावाला, ढग फुटतो आपल्या शिवारात, हे नेहमीचंच आहे. म्हणून आपल्या मंडळाचा आकडा रोज बघायची सवय लाव, तो ऑनलाइन दिसतो. आकडा कमी दिसला तरी गप्प बसू नको. नदीचं किंवा ओढ्याचं पाणी शेतात शिरलं असेल तर 'पुराचं पाणी' म्हणून पंचनामा मागायचा. तिथे आपल्या मंडळात किती पडला हा प्रश्न नसतो, पाऊस वर घाटात पडला तरी बुडतो आपणच. रिपरिप लागून पीक सडलं तर 'सततचा पाऊस' हे २०२३ सालापासून वेगळं कारण धरलं जातं. सलग पाच दिवस रोज किमान १० मिलिमीटर आणि वर आणखी अटी. यातलं कोणतं कारण आपल्याला लागू पडतं ते आधी ठरव आणि अर्जात तेच लिही. 'पावसाने नुकसान झाले' एवढंच लिहिलेला अर्ज फिरत राहतो.

२०२५ च्या सप्टेंबरात आमची सीना आणि तुमची बाणगंगा कशी आली ते तू पाहिलंस. भूम-परंड्यात लोकांना छपरावरून उतरवायला हेलिकॉप्टर आलं. त्या गडबडीत फोटो कोण काढतो? पण पाणी ओसरायला लागलं की पहिलं काम तेच. फोटो असा काढ की आपलंच शेत आहे हे त्यात दिसलं पाहिजे. विजेचा खांब, बांधावरची बाभळ, विहिरीचा कठडा, काहीतरी हलत नाही असं चौकटीत पाहिजे. नुसत्या चिखलाचा फोटो कुणाच्याही शेताचा असू शकतो. आणि पंचनामा होईपर्यंत रान साफ करू नको. रोटर मारून मोकळं करायची घाई पुरुषांना फार असते. अगदीच थांबता येत नसेल, तर एक पट्टा तसाच ठेव.

पंचनाम्याला तलाठी, कृषी सहाय्यक आणि ग्रामसेवक असे तिघं असावेत. तिघं एकदम क्वचित येतात. जो येईल त्याच्याबरोबर शेतात जा, समाजमंदिरात बसून यादी होऊ देऊ नको. कागदावर चार गोष्टी बघायच्या. गट नंबर, पीक, बाधित क्षेत्र आणि नुकसानीचा टक्का. टक्का सगळ्यात महत्त्वाचा, कारण ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तरच मदत, त्याखाली एक रुपया नाही. तीस लिहिलेला आणि काहीच न लिहिलेला, दोघं सारखेच. क्षेत्र हेक्टर-आर मध्ये असतं, आपण बोलतो एकरात. चाळीस आर म्हणजे एकर धरायचा. तीन एकर गेलं असेल तर एक हेक्टर वीस आर लिहिलंय का ते तिथल्या तिथे बघ. शेवटी कागदाचा मोबाईलवर फोटो काढून घे. हे मागताना आवाज चढवायचा नाही. त्यालाही त्या आठवड्यात दहा गावं असतात, तोही चिखलातून आलेला असतो. पण मागायचं.

पैसे किती, ते आधीच ऐकून ठेव म्हणजे नंतर डोळे फिरणार नाहीत. राज्य आपत्ती निधीच्या केंद्राने ठरवलेल्या निकषाने जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकाला २२,५००, आणि मर्यादा दोन हेक्टरची. त्या निधीत केंद्राचे ७५ आणि राज्याचे २५ टक्के असतात. मध्ये राज्याने हे दर वाढवून १३,६००, २७,००० आणि ३६,००० केले होते, मर्यादाही तीन हेक्टर. २०२५ च्या मे महिन्यात आदेश निघाला आणि दर पुन्हा खाली आले. मग चार महिन्यांत तो पूर. ऑक्टोबरच्या ७ तारखेला मुख्यमंत्र्यांनी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, मर्यादा पुन्हा तीन हेक्टर केली आणि रब्बीच्या बियाण्याला हेक्टरी १०,००० जादा धरले. टीव्हीवर एकतीस हजार कोटी ऐकून गावात फटाके वाजायचे बाकी होते. पण जिरायतीच्या ८,५०० चा हिशेब एकरी केला तर साडेतीन हजारांच्या आत येतो. सोयाबीनची एक पिशवी, खताची दोन पोती आणि पेरणीचं ट्रॅक्टर यांची बेरीज तूच कर. म्हणून ही भरपाई नाही. सरकारही कागदावर तिला भरपाई म्हणत नाही, 'निविष्ठा अनुदान' म्हणतं, म्हणजे पुढच्या पेरणीला हातभार. तेवढंच धरून चाल.

माती वाहून गेली तर ती गोष्ट पिकापेक्षा मोठी. पीक एका हंगामाचं जातं, माती गेली की नातवंडांचं जातं. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० आणि गाळ साचलेल्या जमिनीला १८,००० असा दर आहे, पण तो अल्पभूधारकांसाठी. २०२५ च्या पॅकेजात खरडलेल्या जमिनीसाठी रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतची कामं आणि बुजलेल्या विहिरीला ३०,००० धरले होते. हे सगळं तेव्हाच मिळतं जेव्हा पंचनाम्यात 'जमीन खरडली' असा वेगळा उल्लेख असतो. पिकाच्या रकान्यात सगळं कोंबून टाकलं तर विहीर आणि माती तिथेच बुडाली. गाळ किती साचला ते दाखवायला फूटपट्टी किंवा फावड्याचा दांडा उभा करून फोटो काढ.

जनावरांना कानात बिल्ला मारून घे, आजच. बारा आकडी पिवळा बिल्ला असतो तो. २०२४ च्या जूनपासून बिल्ला नसलेलं जनावर आपत्तीत मेलं तर मदत नाही असा नियम आहे. दुभत्या गाई-म्हशीला ३७,५००, बैलाला ३२,०००, वासराला २०,०००, शेळी-मेंढीला ४,०००. बाजारात चांगली म्हैस लाखाला जाते हे तहसीलदारालाही ठाऊक असतं, त्यावर वाद घालून उपयोग नाही. जनावर मेलं की पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळव, शवविच्छेदन होईपर्यंत पुरू नको, बिल्ल्यासकट फोटो काढ. वाहून गेलं आणि सापडलंच नाही, तर त्याच दिवशी तलाठी आणि पोलीस पाटील दोघांना लेखी दे, शेजाऱ्याची साक्ष घे. दोन दिवसांनी गेलीस तर 'आत्तापर्यंत काय करत होता' हा प्रश्न ठरलेला.

यादी लागली की खरं काम संपलं असं वाटतं, आणि तिथेच निम्मे लोक गळतात. यादीत तुझ्या नावापुढे एक विशिष्ट क्रमांक असतो, गावात त्याला व्हीके नंबर म्हणतात. फार्मर आयडी नसलेल्यांना तो घेऊन सेवा केंद्रावर केवायसी करावी लागते. २०२५ च्या ऑक्टोबरात आयडीवाल्यांना त्यातून सूट दिली. म्हणून सांगते, आयडी पूर्ण कर. म्हाताऱ्या माणसांचे अंगठे मशीनवर उठत नाहीत. आयुष्यभर खुरप्याने रेषा घासलेल्या असतात. अण्णांचा अंगठा उठला नाही तर डोळ्यांचं मशीन असलेलं केंद्र शोध, नाहीतर आधारला मोबाईल नंबर जोडून ओटीपीवर कर. नंबर अण्णांच्याच खिशातला असू दे. केंद्रवाल्याचा नंबर टाकून काम भागवणारी माणसं आहेत, आणि नंतर त्या नंबरवर काय काय येतं ते केंद्रवालाच वाचतो.

'पैसे आलेच नाहीत' असं म्हणत फिरणाऱ्या माणसाला आधी विचारायचं, कोणत्या खात्यात बघितले? तू कागदावर जो खाते नंबर लिहून दिलास त्यात पैसे जातातच असं नाही. ते आधारला शेवटी जोडलेल्या बँकेत जातात. कधीतरी बचत गटासाठी किंवा गॅससाठी उघडलेलं एखादं खातं विसरलेलं असतं, नेमके तिथे ते पडून असतात. बँकेत जाऊन 'आधार कोणत्या बँकेला जोडलंय' एवढं विचारून घे. आणि ते खातं चालू ठेव. दोन वर्षं व्यवहार नसला की बँक ते गोठवते. वर्षातून दोनदा शंभर रुपये काढ, भर.

बँकेचा होल्ड ही दुसरी गंमत. पीककर्ज थकलं की काही शाखा बचत खात्यावरही कुलूप लावतात आणि अनुदान आलं की ते काढू देत नाहीत. मदतीच्या रकमेतून कर्जवसुली करू नये असं सरकारच्या वाटपाच्या आदेशातच लिहिलेलं असतं. तोंडी भांडण करू नको. शाखाधिकाऱ्याच्या नावाने अर्ज लिही, आदेशाची प्रत जोड, एक प्रत तहसीलदाराला आणि एक जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकाला दे. प्रत्येक प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घे. आमच्या भागातल्या एका शाखेत मी असाच अर्ज ठेवला तर साहेब म्हणाले, बाई, एवढं कशाला, उद्या या. उद्या गेले. होल्ड निघालेला होता. यादीत नाव नसलं तरी हाच रस्ता. लेखी अर्ज, आवक नंबर, आणि तो नंबर वहीत.

नदीकडचा तुकडा तू बटईने दिलास तर आधीच बोलून ठेव. अनुदान येणार तुझ्या नावावर, बियाणं आणि घाम गेला बटईदाराचा. अनुदानाची यादी त्याला ओळखत नाही. माझ्या मते ज्याने पेरणीचा खर्च केला त्याला त्या वाट्याने द्यावेत. तुला ते पटलं नाही तर तसं पेरणीआधी सांग, पूर आल्यावर नको.

खोटं मात्र लिहू नको. पडीक रानावर सोयाबीन दाखवून देतो, निम्मे माझे, असं म्हणणारा माणूस प्रत्येक तालुक्यात भेटतो. जालना जिल्ह्यात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत बोगस नावांवर अनुदान उचलल्याचं २०२५ मध्ये बाहेर आलं, तलाठी निलंबित झाले, वसुली लागली. पापपुण्याचं राहू दे. अशा प्रकरणानंतर पुढच्या पुराला तपासण्या वाढतात, आणि खरोखर बुडालेल्याचे पैसे महिना-महिना लटकतात. तसंच 'अनुदान यादी' म्हणून व्हॉट्सॲपवर एखादी फाईल आली तर ती उघडू नको. एपीके फाईल उघडली आणि खातं रिकामं झालं, असे प्रकार खेड्यापाड्यांत झालेत. सरकार यादी तलाठ्याकडे लावतं, व्हॉट्सॲपवर पाठवत नाही.

पीकविमा ही वेगळी पिशवी, दोन्ही एकत्र करू नको. अनुदान मिळालं म्हणून विमा जात नाही, विमा मिळाला म्हणून अनुदान जात नाही. एक रुपयातला विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला आणि त्या हंगामात बुडालेल्या पिकाची तक्रार फोनवर करण्याला अर्थ उरला नाही, सगळं पीक कापणी प्रयोगावर आलं. आपल्या मंडळात प्रयोग कोणत्या गटात आहे हे कृषी सहाय्यकाला विचार आणि त्या दिवशी तिथे उभी राहा. चार बायका सोबत घेऊन जा. वजन करणाऱ्याचे काटे मग नीट चालतात.

रब्बीची पेरणी अनुदानावर टांगू नको. बियाण्याचे दहा हजार जाहीर झाले ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आदेश निघायला नोव्हेंबर उजाडला, आणि आमच्याकडे खात्यात आले तेव्हा बऱ्याच जणांचा हरभरा वर आला होता. ओल आहे तोवर पेर. घरचं बी असेल तर उगवण तपासून तेच वापर, नाहीतर बचत गटातून उचल. कृषी केंद्रवाल्याकडून उधार घेतलंस तर त्याला 'अनुदान आलं की देते' असं मात्र सांगू नको. तो तारीख विचारेल, आणि ती तहसीलदारालाही सांगता येत नाही. सोयाबीन जे काही हाती लागेल त्यावर बोली कर, किंवा दुधाच्या पगारावर.